पिल्लाची आई कुठं झोपते?

गादीवाल्यांच्या दुकानात दुपारचं ऊन आलं की हवेतला कापूस दिसायला लागायचा. एरवीही तो असायचाच, पण ऊन पडेपर्यंत त्याला कुणी विचारत नसे. एकेक तंतू निवांत खाली उतरायचा, जमिनीला टेकणार तेवढ्यात पंख्याच्या वाऱ्याने पुन्हा वर जायचा, आणि हा उद्योग ऊन कलेपर्यंत चालायचा. नवीन गिऱ्हाईक दारात आधी शिंकायचं आणि मग भाव विचारायचं. जुनं गिऱ्हाईक नाकाला रुमाल लावूनच यायचं आणि भाव न विचारताच घासाघीस सुरू करायचं.

दुकानावर पाटी होती, ‘झोपून पाहिलेल्या गाद्या’. लोकांना ती जाहिरात वाटायची. पण गादीवाले अक्षरशः तसंच करत. गादी भरून झाली, खोळ शिवून झाली, वरून टाके घालून झाले की ती मागच्या लाकडी चौथऱ्यावर टाकायची, दोऱ्यासकट दाभण कॉलरला टोचायचं, चपला काढायच्या आणि आडवं व्हायचं. झोप लागली तर गादी पास. नाही लागली तर टाके उसवून पुन्हा भरायची. “आचारी चव घेतो, शिंपी टेप लावतो, मी झोपतो,” असं त्यांचं सरळ म्हणणं. त्यांची सून म्हणायची, “बाकीच्यांची कामावर झोपले म्हणून नोकरी जाते. आमच्या बाबांचा झोपले म्हणून धंदा चालतो.”

अशाच एका दुपारी, एका हॉटेलवाल्याची डबल गादी तपासत असताना, गादीवाल्यांच्या पायांवर कुणीतरी येऊन बसलं.

म्हणजे स्वप्नात. पण त्या स्वप्नात बाकी काही नव्हतंच. दुकान तेच, ऊन तेच, कापूस तसाच तरंगत होता, आणि पायांवर एक ऊबदार वजन. गादीवाल्यांनी मान न हलवता खाली पाहिलं. आखूड पायांचा, लांबट अंगाचा एक कुत्रा होता. कान एवढे लांब की एक कान त्यांच्या उजव्या घोट्यावर आणि दुसरा थेट गादीच्या कडेवरून खाली लोंबत होता. कुत्र्याने एक मोठा सुस्कारा सोडला, घरचं सगळं उरकून टेकलेल्या माणसासारखा. गादीवाल्यांनी पाय हलवले नाहीत. हलवले तर तो जाईल असं त्यांना वाटलं. जाग आली तेव्हा पायांना मुंग्या आल्या होत्या.

लोकांना स्वप्नात गुप्तधन दिसतं, परीक्षेचा पेपर दिसतो, गेलेली माणसं दिसतात. साठी ओलांडलेल्या माणसाला कधी न पाळलेला कुत्रा दिसावा, तोही दुपारी, हे जरा अतीच होतं. पण तो येतच राहिला. शिवाय त्याची पारखही चांगली होती. घाईत भरलेल्या गादीवर तो यायचा नाही.

गादीवाल्यांनी ही गोष्ट घरात सांगितली नाही. घरात म्हणजे सुनेला, कारण घरात ती दोघंच होती. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा पूल बांधणाऱ्या कंपनीत, आणि त्याचा सध्याचा पूल इथून रात्रभराच्या प्रवासावर होता. मागच्या हिवाळ्यात त्याची तिकडे बदली झाली तेव्हा सूनही जाणारच होती, सामानही बांधलं होतं. नेमकं तेव्हाच गादीवाल्यांच्या छातीत कफ भरला आणि ते तीन आठवडे बिछान्याला खिळले. सामान सुटलं. कफही सुटला, पण सामान पुन्हा बांधलं गेलं नाही. ट्रान्सपोर्टच्या हापिसात ती हिशेब बघायची, ते तसंच चालू राहिलं.

“तू जा गं आता,” गादीवाले दर पंधरवड्याला म्हणायचे. “तो बिचारा तिकडे स्वतःचे डबे स्वतः धुतोय.”

“धुऊ देत. हाताला वळण लागेल.”

“मी ठणठणीत आहे.”

“हो, दिसतंय ना. परवा जिना चढताना मध्ये थांबून भिंतीचा रंग बघत होतात. एकटं सोडून जाऊ तुम्हाला? घरात जीव म्हणून एक पाहिजे ना दुसरा.”

घरात दुसरा जीव पाहिजे. हे वाक्य गादीवाल्यांच्या डोक्यात कापसात खडा राहावा तसं राहिलं. कितीही चांगली भरलेली गादी असो, आत खडा राहिला की माणूस त्याच्यावरच येऊन झोपतो. आणि मग एका दुपारी तो लांब कानांचा पुन्हा पायांवर येऊन बसला, सुस्कारला, आणि गादीवाल्यांना स्वप्नातच कळलं की दुसरा जीव तर केव्हाचा येऊन बसलाय.

संध्याकाळी सून भाजी चिरत होती तेव्हा त्यांनी विषय काढला.

“मी म्हणतो, एखादं कुत्र्याचं पिल्लू आणावं.”

“का?”

“दुकानात उंदीर फार झालेत. कापूस पळवतात.”

सुरी थांबली. “बाबा, उंदरांसाठी मांजर आणतात.”

“मांजर झोपून राहतं.”

“मग तर तुमच्या दुकानात फिट बसेल.”

खरं कारण सांगण्यात अर्थ नव्हता. ‘तू जावंस म्हणून कुत्रा आणतोय’ असं म्हटलं असतं तर ती जन्मात गेली नसती. तिचा स्वभाव त्यांना ठाऊक होता. दुकानदाराने ‘घेऊच नका’ म्हटलं की हटकून घेणारी आणि ‘घ्याच’ म्हटलं की पिशवी उचलून बाहेर पडणारी.

पण हिशेबनिसाला नुसतं ‘नाही’ म्हणून समाधान होत नाही, त्याला ते सिद्ध करावं लागतं. सुनेने दुसऱ्या दिवशी हापिसातल्या कुत्रेवाल्या लोकांना विचारून सगळा तपशील गोळा केला आणि जेवताना ताटात वाढावा तसा वाढला.

“पिल्लाची किंमत ही नुसती लग्नाची पत्रिका असते बाबा. खरा खर्च पुढच्या संसाराचा. पहिल्या वर्षात सुया टोचायच्या, एकदा नाही, फिरून फिरून. मग जंताचं औषध. मग खाणं. ते मोठं होतं तसं खाणं मोठं होतं, माणसासारखं नाही की म्हातारपणी कमी खाईल. मग ते काय काय चावतं, ते बदलायचं. आणि आजारी पडलं तर? त्याला काही सरकारी दवाखाना नाही.”

गादीवाले मन लावून ऐकत होते. पैशात सांगितलेलं त्यांना कधीच नीट कळत नसे. ते मनात सगळं गाद्यांमध्ये करून घेत. पिल्लू म्हणजे चार डबल गाद्या. महिन्याचं खाणं म्हणजे एक सिंगल गादी, मध्यम भरणीची. सुया म्हणजे उशांची एक जोडी, दर वेळी. आणि आजारपणासाठी एक मोठा लोड बाजूला ठेवायचा, तो कुणालाही विकायचा नाही.

“महिन्याला एक सिंगल,” ते म्हणाले. “जमेल.”

“काय जमेल?”

“महिन्यातली एक गादी त्याच्या नावाने भरायची. तिच्यावर झोप लागणार नाही मला, पण भरीन.”

सुनेने कपाळाला हात लावला. मग हळूच विचारलं, “आणि कुत्रं बारा-चौदा वर्षं जगतं म्हणे. तोपर्यंत तुम्ही गाद्या भरणार?”

हा प्रश्न तिने खर्चाचा म्हणून विचारला होता. विचारल्यावर तिच्याच लक्षात आलं आणि ती उगाचच उठून पाणी आणायला गेली. तांब्या भरलेलाच होता.

दुकानासमोर एक कुलूपवाला बसायचा. हरवलेल्या किल्ल्या करून द्यायचा आणि न मागता सल्ले द्यायचा. किल्ल्यांचे पैसे घ्यायचा, सल्ले फुकट, आणि दोन्ही पहिल्या झटक्यात लागत नसत.

“लांब कानांचा कुत्रा ना? माझ्याकडे सोड,” तो म्हणाला. “माझ्या ओळखीचा एक जण आहे. कुठल्याही जातीचं बोल, दोन दिवसांत हजर. भावही अर्धा.”

“एवढ्या सगळ्या जाती तो ठेवतो कुठं?”

“ते आपल्याला काय करायचंय? तू कापूस कुठून आणतोस हे गिऱ्हाईक विचारतं का?”

गिऱ्हाईक विचारत नसलं तरी गादीवाले स्वतः विचारत. पण ते गेले. तो ओळखीचा माणूस त्यांना घरी न बोलावता एका पेट्रोल पंपाच्या मागे भेटला. गाडीची डिकी उघडली तर आत वेताची टोपली, टोपलीत गुलाबी रंगाची साटीनची उशी आणि उशीवर एक पिल्लू, लांब कानांचं, झोपलेलं. गादीवाल्यांचा ऊर भरून आला. त्यांनी हात पुढे केला तो आधी, सवयीने, उशीवर पडला. उशी दाबताच त्यांचा चेहरा बदलला. आत चिंध्या होत्या, आणि त्या ओल्या होत्या. साटीन वरून तेवढं कोरडं.

“ह्याची आई कुठं आहे?” त्यांनी विचारलं.

“आई... आई बाहेरगावी गेलीय.”

“कशाला?”

“हवापालट,” तो माणूस म्हणाला, आणि स्वतःलाच हे उत्तर आवडल्यासारखा हसला.

“परत कधी येणार?”

“काका, तुम्हाला पिल्लू पाहिजे की सोयरीक जुळवायचीय? माझ्याकडे आत्ता दुसरं गिऱ्हाईक येतंय.”

गादीवाल्यांनी पिल्लाच्या डोक्यावरून एक बोट फिरवलं. ते उठलं नाही. एवढं गोंगाटाचं ठिकाण, एवढं ऊन, आणि पोर उठत नाही, ही झोप त्यांना बरी वाटली नाही. झोपेतलं त्यांना कळायचं. ते तसेच परतले, आणि पुढे दोन दिवस चौथऱ्यावरच्या कुठल्याच गादीवर त्यांचा डोळा लागला नाही. चांगल्या भरलेल्या दोन गाद्या उगाच नापास झाल्या.

शेवटी ते जनावरांच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टरच्या बाकाची गादी त्यांनीच भरून दिली होती, तेवढी ओळख होती. डॉक्टर म्हणाला, “घ्यायचंच असेल तर एक बाई आहेत गावाबाहेर. शाळेत कवायत शिकवायच्या, आता फक्त ही लांब कानांची एकच जात वाढवतात. पण आधीच सांगतो, त्या पिल्लू विकत नाहीत. मुलगी देतात.”

“म्हणजे?”

“जा, कळेल.”

सगळ्या गावात त्यांना शिट्टीबाई म्हणत. शाळा सुटून वर्षं झाली तरी गळ्यात शिट्टी होती. फाटक उघडण्याआधी त्यांनी गादीवाल्यांना फाटकाबाहेरच उभं करून घर केवढं, जिने किती, दिवसभर घरी कोण, आधी कुत्रा होता का, नव्हता तर आता का, असं सगळं विचारलं. गादीवाल्यांना लग्नाआधी सासऱ्यांनीही एवढं विचारलं नव्हतं.

“आता मी एक विचारू?” ते म्हणाले.

“विचारा.”

“पिल्लाची आई कुठं झोपते?”

शिट्टीबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि फाटक उघडलं.

मागच्या खोलीत ऊन तिरपं येत होतं. कोपऱ्यात जाडसर गादी, तिच्यावर धुतलेल्या जुन्या चादरी, आणि त्यावर आई. कान दोन्ही बाजूंना पसरलेले, पोटाशी चार पिल्लांची ओळ. भिंतीवर डॉक्टरच्या तपासण्यांचे कागद टाचलेले होते, आईचे आणि बापाचेही. गादीवाल्यांना कागद वाचायचं सुचलं नाही. ते उभेच राहिले. हेच कान होते. हाच रंग. स्वप्नातून कुणी पत्ता लिहून दिल्यासारखे ते इथे येऊन पोचले होते.

मग ते उकिडवे बसले आणि गादीवर तळवा दाबला. “कडा चांगल्या आहेत. मधे बसलीय जरा.”

“गादी विकायला आलात की पिल्लू घ्यायला?”

“पिल्लू. पण मधे बसलीय.”

शिट्टीबाई ओठांतल्या ओठांत हसल्या. चहा ठेवायला जाताना त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, “आत्ता या वयात का हो एकदम?” आणि गादीवाल्यांनी, जे घरात महिनोन् महिने दाबून ठेवलं होतं, ते त्या परक्या बाईला सांगून टाकलं. सून अडकून पडलीय. घरात दुसरा जीव असला की ती मोकळी होईल.

बाई आत गेल्या. एक पिल्लू उठून लुटूलुटू आलं, स्वतःच्याच कानावर पाय देऊन पडलं, पुन्हा उठलं आणि गादीवाल्यांच्या मांडीत चढलं. मग दुसरं. आई एक डोळा उघडून बघत राहिली. ऊन ऊबदार होतं, चादरीला साबणाचा वास होता, चार लहान श्वास एका लयीत चालले होते. गादीवाले भिंतीला टेकले. नुसतं टेकले. पुढचं सगळं धंद्याच्या सवयीने झालं.

स्वप्नात ते एका भल्या मोठ्या गादीवर होते, मैदानाएवढ्या, आणि ती भरता भरता तिला कडा सापडत नव्हत्या.

शिट्टी एवढ्या जोरात वाजली की ते बसल्या जागी सावधान झाले. बाई गुडघ्यांवर बसल्या होत्या. एका हातात पिल्लू, दुसऱ्या हाताची बोटं पिल्लाच्या तोंडात. तोंडातून त्यांनी एक लांब पांढरा दोरा ओढून काढला, हळूहळू, श्वास धरून. दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला वीतभर दाभण लटकत होतं.

गादीवाल्यांचा हात कॉलरवर गेला. कॉलर रिकामी होती. नवा शर्ट घातला होता, चपला पुसल्या होत्या, केस विंचरले होते, आणि दाभण मात्र, कुणी घड्याळ घालतं तसं, घरून निघताना टोचून घेतलं होतं.

“गिळलं असतं,” बाई म्हणाल्या. आवाज मुळीच चढलेला नव्हता आणि त्यामुळेच तो ऐकवेना. “तुमच्या दुकानात अशी किती असतात?”

“असतात,” गादीवाले म्हणाले. खोटं बोलायचं त्यांच्या मनातही आलं नाही. “कापूसही असतो. सगळीकडे.”

“पिल्लू सगळं तोंडाने बघतं हो. मी नाही देऊ शकत. राग मानू नका.”

चहा तसाच राहिला.

घरी त्यांनी सांगितलं, “पसंत पडलं नाही.” सुनेने भुवया वर केल्या. पुढचा आठवडा चौथऱ्यावर स्वप्नही आलं नाही. झोप लागायची, पण रिकामी. गादी पास व्हायची, पण गादीवाले नापास झाल्यासारखे उठायचे. कुलूपवाल्याने दोनदा हाका मारल्या, त्यांनी ओ दिली नाही. मग कुलूपवाल्याने जे घरात कुणी सांगितलं नव्हतं ते सुनेला सांगितलं. शिट्टीबाईंकडून डॉक्टरला आणि डॉक्टरकडून त्याला दाभणाचं कळलं होतं.

“दाभण?” सून घरात पाऊल टाकता टाकता म्हणाली. “दाभण घेऊन गेलात? पोरगी बघायला जाताना कुणी सुरा घेऊन जातं का?”

“सवय आहे गं.”

“उठा. चला. मी बोलते त्यांच्याशी.”

“तुला कुठं पाहिजे होतं पिल्लू?”

“मला नकोच आहे. पण नाही म्हणायचं तर मी म्हणीन. त्या कोण?”

फाटकाशी सुनेने बाईंना आपला सगळा हिशेब ऐकवला. दुकान आणि घर वेगळे आहेत, मधे जिना आहे, जिन्याला दार बसवता येतं, खाण्याचं आणि डॉक्टरचं दर महिन्याला या पाकिटात वेगळं काढायचं आहे, चावण्याच्या वस्तू वर ठेवता येतात, आणि बाबांची कॉलर ती स्वतः रोज तपासेल. गादीवाले मागे उभे राहून ऐकत होते. आपली इतकी बाजू घेणारं कुणी आपल्याच घरात राहतं हे त्यांना माहीत नव्हतं.

“बाबांनंतर कोण?” बाईंनी विचारलं. “ते मी सगळ्यांनाच विचारते. लहान पोरं असलेल्यांनाही.”

“मी,” सून म्हणाली. “बाबा असतानाही मीच. पण ते त्यांना सांगू नका.”

“तुम्ही? तुम्ही तर जाणार ना नवऱ्याकडे? तुम्हाला जाता यावं म्हणूनच तर हे पिल्लू घ्यायला निघालेत.”

सून हळूच वळली. गादीवाले फाटकाची कडी बघू लागले. कडी साधीच होती.

“उंदीर म्हणालात ना?” ती म्हणाली.

“उंदीरही आहेत.”

तिने हिशेबाचं पाकीट पिशवीत ठेवलं, मग पुन्हा काढलं, मग पुन्हा ठेवलं. आतल्या अंगणात कुठंतरी एका कुत्र्याने अंग झाडलं आणि लांब कानांचा टाळ्या वाजवल्यासारखा आवाज झाला.

शिट्टीबाईंनी तिकडे पाहिलं. “पिल्लू नाही देणार,” त्या म्हणाल्या. “ते मी बदलणार नाही. पण आत या. मोठीला भेटा.”

मोठी म्हणजे त्या पिल्लांची आजी. तिच्या बाळंतपणांचे दिवस संपून दोन वर्षं झाली होती. तोंडाभोवतीचे केस पांढरे झालेले, डोळ्यांखाली सुरकुत्या, आणि चाल अशी की कुणाचीही वाट बघायची नाही आणि कुणाला वाट बघायला लावायचंही काही वाटत नाही.

“नातवंडं हिचे कान ओढतात,” बाई म्हणाल्या. “हिला आता निवांत घर पाहिजे. चावण्याबिवण्याचं वय गेलं. दुपारी झोपते.”

“मीही,” गादीवाले म्हणाले.

“किंमत?” सुनेने विचारलं, कारण ते विचारल्याशिवाय तिला श्वास घेता येत नसे.

“हिची नसते. खर्च तुमचा, दर महिन्याला मला फोन तुमचा. आणि कधी काळी जमलं नाही, कुठल्याही कारणाने, तर ती कुणाला द्यायची नाही. माझ्याकडे परत आणायची. लेक कितीही म्हातारी झाली तरी माहेर असतंच.”

मोठीने गादीवाल्यांच्या चपलांचा वास घेतला, मग सुनेच्या पिशवीचा, आणि पिशवीत खायला काही नाही हे कळल्यावर ती दोघांच्या मधोमध बसली.

त्यानंतर जे झालं त्याला गादीवाल्यांच्या हिशेबात जागा नव्हती. कुत्री आणली होती सुनेला मोकळं करायला. सुनेला मात्र न जाण्याची नवी सबब मिळाली. आधी म्हणाली, मोठीला घराची सवय होऊ दे. मग म्हणाली, तिचं इंजेक्शन आहे, ते झालं की. मग हापिसचा महिनाअखेर. तोपर्यंत मोठी तिच्या हातून जेवायला लागली होती आणि ती हापिसातून येताना वाटेत दोनदा वळून बघायला लागली होती, कुणीतरी मागून येतंय अशा सवयीने.

एका संध्याकाळी गादीवाल्यांनी तिकीट काढून आणलं आणि तिच्या ताटाशेजारी ठेवलं.

“हे काय?”

“रविवारचं आहे.”

“मला न विचारता?”

“तुला विचारलं असतं तर तू हिशेब केला असतास.”

तिने तिकीट उचलून पाहिलं. “खिडकीचं नाही मिळालं?”

“खिडकीचंच आहे. उलटं धरलंयस तू.”

तिने ते सुलट केलं. नाक ओढलं. “कापूस फार झालाय घरात,” ती म्हणाली, आणि जेवायला लागली.

रविवारी बसस्टँडवर ती सूचना देत सुटली. मोठीला जास्त घालू नका, मागितलं तरी. जिना चढताना तिच्यासाठी थांबा, म्हणजे तुम्हीही थांबाल. महिन्याचं पाकीट फडताळात डाव्या हाताला. रात्री फोन. गादीवाले प्रत्येक वाक्याला ‘हो’ म्हणत होते आणि त्यांना वाटत होतं की आज आपण पिसासारखं हलकं व्हायला हवं होतं. इतक्या महिन्यांची इच्छा पुरी होत होती. पण छातीत काहीतरी दडपून भरल्यासारखं होतं, घाईत भरलेल्या उशीसारखं.

“जाते बाबा.”

“येते म्हणावं गं.”

“येते.”

बस निघाली. मोठी जराशी बसच्या मागे चालली, दोरी ताणेपर्यंत, आणि मग रस्त्याच्या मधोमध बसली. गादीवाल्यांनी दोरी ओढली. ती आणखी पसरून बसली. मागून एक टेम्पो आला आणि हॉर्न वाजवू लागला.

“अहो आजोबा, उचला की तिला!”

“उचलली तर माझंच मोडेल. ऐकत नाही ती माझं. मी नवीन आहे.”

टेम्पोवाला शिव्या देत वळसा घालून गेला. गादीवाले मोठीला जेमतेम कडेपर्यंत सरकवू शकले आणि तिच्या शेजारी फुटपाथच्या कठड्यावर बसले. फोन वाजला.

“पोचलात घरी?”

“तुझी बस दिसतेय अजून मला.”

“म्हणजे नाही पोचलात.”

“बसलोय जरा. मोठी म्हणते, थांबू.”

“उन्हात नका बसवू तिला.”

“बरं.”

“आणि तुम्हीही.”

“बरं.”

बस टोकाच्या वळणावर गेली, थोडी झुकली, काचेवर ऊन चमकलं आणि रस्ता रिकामा झाला. फोन चालूच होता. नुसता बसचा आवाज येत होता, दूरवर कुणी कापूस पिंजत असल्यासारखा एकसारखा, आणि गादीवाले तो ऐकत राहिले, तो बारीक होत होत बंद पडेपर्यंत.

मग मोठी आपण होऊन उठली. अंग झाडलं, आणि घर डावीकडे असताना उजवीकडे चालू लागली. गादीवाले तिच्या मागून निघाले. कुठं जायचंय ते तिला ठाऊक असावं, अशा सावकाश चालीने.